सूर्ययंत्राचा कारागीर : फ्रँक शूमन

रथसप्तमीच्या सकाळी आमच्या अंगणात तुळशीसमोर गोवऱ्यांचा जाळ करून मातीच्या बोळक्यात दूध तापवतात. दूध उतू गेले की सूर्यनारायणाला नैवेद्य पोचला, अशी घरातल्यांची श्रद्धा. लहानपणी मला एक प्रश्न पडत असे. ज्या देवासाठी हे दूध तापवायचे, त्याच्याच उन्हावर ते का तापवू नये? आजी नुसती हसायची आणि मला ऊस सोलून द्यायची. पुढे उद्यमबागेतल्या या कॉलेजात यंत्रशास्त्र शिकायला आलो. सेमिनारसाठी विषय शोधताना कळले, की हा प्रश्न शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या एका कारागिरालाही पडला होता. त्याने तो हसण्यावारी नेला नाही. त्यापायी त्याने आपल्या उमेदीची वर्षे, पैसा आणि नावलौकिक पणाला लावला. त्या माणसाचे नाव फ्रँक शूमन.

राजस्थानातले भडला, आपल्या कर्नाटकातले पावगड, इजिप्तमधले बेनबान ही सौरकेंद्रांची नावे आज आपण ऐकतो. तेथे बसवलेल्या काळ्या-निळ्या पाट्यांचे तंत्र वेगळे आहे, शूमन यांचे वेगळे होते. पण ओसाड, तापलेल्या प्रदेशात सूर्याच्या बळावर मोठे यंत्र चालवून दाखवण्याचे धाडस ज्यांनी आधी केले, त्यांत शूमन यांचा मान पहिला आहे. मित्रहो, त्यांच्या यशापेक्षा त्यांचे अपयश मला अधिक शिकवून गेले, म्हणून हा लेखनप्रपंच.

शूमन यांचा जन्म २३ जानेवारी १८६२ रोजी न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकलिन येथे झाला. शाळेचे शिक्षण बेताचेच. आजच्या भाषेत बोलायचे तर त्यांच्यापाशी कोणतीही पदवी नव्हती. जे शिकले ते कामावर, हात काळे करून. पुढे ते फिलाडेल्फियाजवळच्या टॅकोनी या कारखानदारीच्या वस्तीत आले. तेथे त्यांच्या काकांचा ‘टॅकोनी आयर्न अँड मेटल वर्क्स’ हा मोठा कारखाना होता. फिलाडेल्फियाच्या नगरभवनाच्या मनोऱ्यावर विल्यम पेन यांचा सदतीस फूट उंचीचा ब्रॉन्झचा पुतळा उभा आहे, तो याच कारखान्यात ओतला गेला. त्या पुतळ्याबद्दल वाचताना मला आपली उद्यमबाग आठवली. सुट्टीत येथल्या एका फौंड्रीत मी महिनाभर काम केले आहे. भट्टीचे तोंड उघडले की क्षणभर सगळे बोलणे थांबते, आणि साचा थंड झाल्यावर फोडताना ओतकाम धड निघते की पोकळ, याची धाकधूक जुन्या कामगारालाही असते. शूमन याच शाळेत शिकले. धातू काय करील हे कागदावरून पूर्ण कळत नाही, ते ओतूनच पाहावे लागते, हा धडा त्यांना टॅकोनीत मिळाला असणार. वाळवंटात त्याची पुन्हा गरज पडली.

त्यांचे नाव झाले ते मात्र काचेमुळे. त्या काळी कारखान्यांच्या छपरांत उजेडासाठी मोठमोठ्या काचा बसवत. काच फुटली की तिचे तुकडे खाली काम करणाऱ्यांच्या अंगावर पडत, आणि आग लागली तर काच तडकून ज्वाळांना वाट मोकळी होई. शूमन यांनी तापलेल्या मऊ काचेतच तारेची जाळी बसवण्याची युक्ती काढली. अशी काच तडकली तरी जागच्या जागी राहते. १८९२ मध्ये त्यांना तिचे पेटंट मिळाले. जुन्या सरकारी इमारतींच्या दारांत जाळीची जाड काच आपण पाहतो, तिच्यामागे हा माणूस आहे. या शोधाने त्यांना पैसा दिला. टॅकोनीत त्यांनी घर बांधले आणि शेजारी स्वतःची प्रयोगशाळा थाटली. एवढ्यावर ते स्वस्थ बसले असते तर सुखवस्तू कारखानदार म्हणून संपले असते.

पण त्यांचे लक्ष उन्हाकडे वळले. उन्हाने यंत्र चालवावे, ही कल्पना त्यांची एकट्याची नव्हती. फ्रान्समध्ये ऑग्युस्तँ मूशो यांनी १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनात सूर्याच्या उष्णतेवर यंत्र चालवून बर्फ तयार करून दाखवला होता. त्याच वर्षी आपल्या मुंबईत काय घडले, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? मुंबईच्या हायकोर्टात नोकरी करणारे विल्यम अॅडम्स नावाचे इंग्रज गृहस्थ होते. दगडी कोळसा महाग आणि ऊन मात्र फुकट, ही येथली परिस्थिती पाहून त्यांनी मिडल कुलाब्यातल्या आपल्या बंगल्याच्या आवारात लहान-लहान सपाट आरशांच्या रांगा अर्धवर्तुळात उभ्या केल्या. सगळ्या आरशांचे ऊन एका बॉयलरवर पाडून त्यांनी अडीच अश्वशक्तीचा वाफेचा पंप चालवला आणि तो पाहायला लोकांना बोलावले. १८७८ मध्ये त्यांनी या विषयावर इंग्रजीत पुस्तकही प्रसिद्ध केले. एका उंच जागी बॉयलर आणि भोवती आरसे, ही रचना आज जगातल्या काही मोठ्या सौरकेंद्रांत दिसते. तिचा एक पूर्वज कुलाब्यात समुद्राच्या वाऱ्यावर उभा होता! पण कोळसा स्वस्त झाला, आगगाड्यांनी तो दूरवर नेला, आणि मूशो काय किंवा अॅडम्स काय, दोघांचीही यंत्रे विस्मरणात गेली.

शूमन यांनी या अपयशाचे कारण अचूक ओळखले. आधीच्या संशोधकांचा भर उष्णता वाढवण्यावर होता. त्यासाठी महाग आरसे आणि सतत फिरणारी नाजूक यंत्रणा लागे. शूमन यांनी उलट हिशेब मांडला. उष्णता थोडी कमी चालेल, पण यंत्र स्वस्त हवे आणि कोणालाही दुरुस्त करता यावे. सूर्ययंत्राला इंधनाचा खर्च नाही, म्हणून त्याचे भवितव्य उभारणीच्या खर्चावर ठरणार. ही दृष्टी शास्त्रज्ञापेक्षा कारखानदाराची होती, आणि तीच त्यांची खरी देणगी म्हटली पाहिजे.

१९०७ मध्ये त्यांनी टॅकोनीतल्या आपल्या आवारात पहिले मोठे यंत्र मांडले. काच लावलेली एक सपाट पेटी, तिच्यात काळ्या रंगाच्या नळ्या, आणि नळ्यांत ईथर. ईथर सुमारे ३५ अंश सेल्सियसलाच उकळते, त्यामुळे साध्या उन्हानेही त्याची वाफ होऊन लहानसे इंजिन चालू लागले. लोक पाहायला आले. पण ईथर पेट घेणारे आणि महाग. मोठ्या कामाला ते उपयोगी नव्हते. तेव्हा शूमन पाण्याकडे वळले. पेट्यांच्या दोन्ही बाजूंना साधे आरसे लावून त्यांनी उष्णता वाढवली आणि कमी दाबाच्या वाफेवर चालणारे इंजिन तयार केले. दहा हजार चौरस फुटांहून मोठे हे यंत्र १९११ मध्ये टॅकोनीत चालले आणि त्याने मिनिटाला सुमारे ३,००० गॅलन पाणी ३३ फूट उंच चढवले. त्या वर्षी ‘सायंटिफिक अमेरिकन’ या प्रसिद्ध नियतकालिकात त्याची माहिती छापून आली.

फिलाडेल्फियाचे ऊन मात्र आपल्याकडच्या उन्हासारखे नाही. कोळसा तेथे मुबलक. मग सूर्ययंत्र कोणाला हवे? शूमन यांचे डोळे अशा देशाकडे लागले, जेथे ऊन भरपूर, कोळसा परदेशातून येणारा आणि शेतीला पाण्याची नड. इजिप्त यात नेमका बसत होता. तो तेव्हा इंग्रजांच्या ताब्यात होता, तेथला कोळसा जहाजांनी येई आणि नाईलकाठची कापसाची शेती पाण्यावाचून अडत असे. लंडनच्या भांडवलदारांनी पैसा घातला, पण आधी यंत्राची तपासणी करवली. सी. व्ही. बॉइज या नामांकित भौतिकशास्त्रज्ञांनी रचनेत मोठा बदल सुचवला : सपाट पेट्यांऐवजी अन्वस्ताच्या आकाराच्या लांब पन्हळी करा, त्यांना आतून आरसे लावा आणि पन्हळीच्या नाभिरेषेवर लांबट बॉयलर टांगा. वर्षानुवर्षे जपलेल्या आपल्या रचनेत दुसऱ्याने हात घातलेला कोणाला आवडेल? शूमन यांनी तो बदल स्वीकारला. त्यांच्या चरित्रातला हा प्रसंग मला सर्वांत मोलाचा वाटतो. यंत्र चालले पाहिजे, ते माझ्याच पद्धतीने चालले पाहिजे असे नाही, हे म्हणायला मोठे मन लागते.

कैरोच्या दक्षिणेला नाईलकाठी माआदी नावाचे गाव आहे. १९१२ मध्ये तेथे उभारणी झाली आणि पहिल्याच चाचणीत फजिती झाली. बॉयलर जस्ताच्या पत्र्याचे केले होते. पन्हळींनी एकवटलेल्या उन्हापुढे जस्त टिकले नाही. बॉयलर मऊ पडून खाली लोंबू लागले, धातू ठिबकू लागला. उन्हात ताकद नाही म्हणणाऱ्यांना यापेक्षा चांगले उत्तर कोणते असणार! पण भांडवलदारांपुढे असे उत्तर चालत नाही. शूमन यांनी जस्त काढून बिडाचे बॉयलर बसवले. त्यात जवळजवळ वर्ष गेले. बीड, म्हणजे आपल्या उद्यमबागेत ज्याचे रोज टनावारी ओतकाम होते तेच. टॅकोनीच्या फौंड्रीत वाढलेल्या माणसाला अखेर फौंड्रीनेच तारले.

१९१३ च्या उन्हाळ्यात यंत्र पाहुण्यांसमोर सुरू झाले. प्रत्येकी २०४ फूट लांब आणि १३ फूट रुंद अशा पाच पन्हळी उत्तर-दक्षिण मांडलेल्या होत्या. एकीची सावली दुसरीवर पडू नये म्हणून मध्ये मोकळी जागा सोडलेली. सकाळी त्या पूर्वेकडे कललेल्या असत आणि सूर्याबरोबर आपोआप वळत वळत संध्याकाळी पश्चिमेकडे झुकत. तयार झालेली वाफ कमी दाबाच्या इंजिनात जाई, इंजिन पंप फिरवी आणि मिनिटाला सुमारे ६,००० गॅलन पाणी शेतांकडे जाई. यंत्राची शक्ती पंचावन्न अश्वशक्तीच्या घरात होती. म्हणजे आमच्या विहिरीवरच्या पाच अश्वशक्तीच्या मोटारीसारख्या अकरा मोटारी. आज हा आकडा लहान वाटेल. पण त्यासाठी एक काडीही जळत नव्हती.

इजिप्तचा कारभार तेव्हा लॉर्ड किचनर यांच्या हाती होता. १९०२ ते १९०९ हिंदुस्थानचे सरसेनापती असलेले ते हेच. त्यांनी सुदानमधली ३०,००० एकर कापसाची जमीन अशा यंत्रासाठी देऊ केली. जर्मनीनेही शूमन यांना बोलावले. तेथल्या संसदेपुढे त्यांनी आपली योजना मांडली आणि जर्मनीच्या आफ्रिकेतल्या वसाहतींत यंत्र उभारण्यासाठी दोन लाख डॉलर्सच्या तोलाची रक्कम मंजूर झाली. शूमन यांची कल्पना आता गगनाला भिडली. सहारा वाळवंटात २०,२५० चौरस मैल जागेवर अशी यंत्रे मांडली तर सत्तावीस कोटी अश्वशक्ती मिळेल, म्हणजे साऱ्या जगाच्या तेव्हाच्या इंधनाची गरज भागेल, असा हिशेब त्यांनी १९१४ मध्ये जाहीर केला. कोळसा आणि तेल एक दिवस संपणार, तेव्हा माणसाला सूर्याचाच आधार घ्यावा लागेल, हे त्यांनी ठामपणे मांडले.

आणि त्याच वर्षी जुलैच्या अखेरीस पहिले महायुद्ध सुरू झाले. माआदीत काम करणारे तंत्रज्ञ आपापल्या देशांना परतले. किचनर युद्धमंत्री झाले. इंग्लंड आणि जर्मनी, शूमन यांचे दोन आश्रयदाते, एकमेकांचे वैरी बनले. पन्हळी, बॉयलर, इंजिन सारे मोडीत निघाले. शूमन अमेरिकेला परतले आणि २८ एप्रिल १९१८ रोजी, युद्ध संपण्याच्या काही महिने आधी, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी निवर्तले. युद्धानंतर जर्मनीच्या वसाहती गेल्या, इराणच्या तेलात इंग्रज सरकारने आधीच भांडवल घातले होते, आणि स्वस्त तेलाच्या पुरात सूर्ययंत्राची आठवण वाहून गेली.

त्यानंतर सुमारे सत्तर वर्षांनी, १९८४ पासून, अमेरिकेच्या मोहावे वाळवंटात अन्वस्ताकार पन्हळींची वीजकेंद्रे एकामागून एक उभी राहिली. त्यांची एकूण क्षमता ३५४ मेगावॅट झाली. राजस्थानात नोख येथे २०१३ मध्ये पन्हळींचेच ५० मेगावॅटचे केंद्र सुरू झाले. आता पाट्यांचे तंत्र पुढे गेले आहे. भडला येथे २,२४५ मेगावॅट, पावगड येथे २,०५० मेगावॅट. शूमन यांची सत्तावीस कोटी अश्वशक्ती म्हणजे सुमारे दोन लाख मेगावॅट. भारतातली सौरक्षमता जानेवारी २०२५ मध्ये एक लाख मेगावॅटवर गेली, आणि जगाची २०२२ मध्येच दहा लाखांवर. वेड्याचे म्हणून सोडून दिलेले स्वप्न पाचपटीने खरे झाले.

येथे लेख संपला असता. पण दिवाळीच्या सुट्टीत मी ही सगळी कथा आबांना सांगितली. निपाणीजवळच्या आमच्या शिवारात पंपाची थ्री-फेज वीज बहुतेक रात्रीच येते. आबा बॅटरी आणि काठी घेऊन विहिरीवर जातात, मीही बरोबर गेलो होतो. वीज येण्याची वाट पाहत बांधावर बसून मी शूमन, किचनर, सहारा सारे सांगितले. सुरुवातीचा पैसा भरून आपणही सौरपंप बसवावा, हे मला त्यातून सुचवायचे होते. आबांनी शेवटपर्यंत ऐकले आणि एवढेच विचारले, की त्या यंत्राची माणसे निघून गेल्यावर गावात ते चालवणारा कोणी राहिला होता का? माझ्याकडे उत्तर नव्हते. आमच्या शेजारच्या मळ्यात सौरपंप आहे. त्याचे नियंत्रक बिघडले तेव्हा दोन महिने कोणी फिरकले नाही आणि मिरचीचे उभे पीक वाळले. आबांचा प्रश्न त्या मिरचीतून आला होता. ढगाळ दिवसाची भीती त्यांना नाही. पावसाळ्यात पंप लागतच नाही. त्यांना भीती आहे ती ज्याचा मिस्त्री तालुक्यात नाही अशा यंत्राची.

मग मी शूमन यांचे चरित्र पुन्हा वाचले, आणि माआदीच्या यंत्राचा नाश नुसत्या युद्धाने झाला नाही असे मला वाटू लागले. भांडवल लंडनचे, रचना अमेरिकेची, जमीन इंग्रजांच्या ताब्यातली. ज्या फेलाहीनांच्या, म्हणजे तेथल्या शेतकऱ्यांच्या, रानात ते पाणी जाणार होते, त्यांचे त्या यंत्रात काही नव्हते. म्हणून परके उठून गेले तेव्हा ते जपायला कोणी उरले नाही. याच बेळगावात सायकली विकता-विकता लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केला, तेव्हा त्याने जमीन नासेल म्हणून शेतकरी तो घेत नव्हते. नांगर अखेर खपला, कारण तो येथल्या काळ्या मातीत चालवून पाहिलेला होता आणि त्याचा फाळ मोडला तर बनवणारा माणूस जवळ होता.

वसतिगृहातला माझा सोबती पावगडकडचा. आपल्या मासिकाच्या कन्नड विभागात लिहितो. तो सांगतो, त्याच्याकडे केंद्रासाठी जमिनी विकत न घेता भाड्याने घेतल्या. सुरुवातीला एकरी वर्षाला २१,००० रुपये ठरले. दुष्काळी पट्ट्यात हा मोठा आधार. पण ज्यांना जमीनच नव्हती, त्यांची शेतातली मजुरी मात्र गेली. म्हणजे सूर्य सर्वांवर सारखा तळपला तरी त्याची मिळकत सारखी वाटली जात नाही, ती वाटणी माणसांनाच करावी लागते.

आम्ही दोघांनी मिळून शेवटच्या वर्षाचा प्रकल्प ठरवला आहे : सौरपंपाच्या पाट्या दिवसातून तीन वेळा हाताने वळवता येतील असा बिडाचा साधा ठोकळा आणि लोखंडी सांगाडा. मोटार नाही, नियंत्रक नाही. बिघडला तर गावचा लोहारही दुरुस्त करील. साचा उद्यमबागेतल्या फौंड्रीत तयार होतो आहे. पहिले ओतकाम पोकळ निघाले, दुसऱ्याची वाट पाहतो आहोत. आबांनी मळ्याचा एक कोपरा त्यासाठी दिला आहे, पण वीजजोडणी काढणार नाही अशी अट घातली आहे. मला ती अट योग्य वाटते.

पुढच्या रथसप्तमीला शक्य झाले तर त्याच कोपऱ्यात एक आरशाची पन्हळ मांडून उन्हावर दूध उतू घालावे असे मनात आहे. आजी आता नाही. पण बोळके मात्र तेच राहील.